उतरव

दुपारच्या झोपेला कड नसते. रात्री दिवा घालवला की इथून झोप सुरू झाली असं म्हणता येतं. दुपारी पंखा फिरत असतो, शेजारी कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या असतात, आणि मी अजून जागीच आहे असं वाटत असताना जागेपण विरघळायला लागतं. साखर पाण्यात जाते तसं. नेमका क्षण सापडत नाही. मी तो पकडायचा प्रयत्न करते आहे.

मी फरशीवर चटई टाकून आडवी आहे. शेजारी निषादची लाकडी कॉट. माझा आठ महिन्यांचा मुलगा आत्ता कसाबसा झोपलाय. गजांमधून आत घातलेलं माझं बोट त्याच्या मुठीत आहे. दाराशी त्याची पिशवी भरून ठेवली आहे, ती माझ्या आईनं भरली. सोमवारी मला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचंय आणि कित्येक दिवसांत या घरात कुणी सलग झोपलेलं नाही. आज रात्रीही निषाद असाच जागला, तर उद्या सकाळी आई त्याला कराडला घेऊन जाणार. "सुट्टीला येत जा की भेटायला," ती म्हणाली. ती माझ्या भल्याचंच बोलते, म्हणून तिच्याशी भांडता येत नाही.

तो जागतो म्हणजे उभा राहतो. गज धरून उठतो आणि रडतो. आडवा केला की पुन्हा उभा. मी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली: दिवा, पंखा, दुधाची वेळ, अंगातले कपडे. काही फरक नाही. आईचं निदान पहिल्यापासून एकच आहे. दृष्ट लागलीय. "मीठ-मोहरी उतरव, ऋजू. उतरव गं, तुझं काय जातंय?"

उतरव. पंखा तो शब्द घेऊन फिरतो. उतरव, उतरव. आणि कॉटचे गज जरा लांब झालेत असं मला वाटतं.

लांब झालेच आहेत. एक गज तर छताच्या वर गेलाय, आणि छत असायला हवं तिथे फिकट आभाळ आहे. खालची फरशी लाल माती झाली आहे, चाळलेली, मऊ. ही माती मला ओळखू येते. ही व्यायामशाळेतली. आणि तो गज म्हणजे मल्लखांब आहे. खाली जाड, वर निमुळता, टोकाला गोल बोंड. त्या बोंडावर दिगूकाका उभा आहे.

दिगूकाका माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. मल्लखांब शिकवायचा. निषाद व्हायच्या आदल्या दिवाळीत तो गेला. हे मला स्वप्नातही माहीत आहे, फक्त तोंडावर म्हणायला बरं वाटत नाही.

"काका, वर काय करतोयस?"

"दिसत नाही? उभा आहे."

"कधीपासून?"

"टाळ्या चालू आहेत तोवर उभं राहायचं असतं. हे लोक थांबतच नाहीत."

मी वळून बघते. मातीच्या कडेला आमचा सोफा आहे. त्यावर आई, माझा नवरा पराग आणि समोरच्या भोईटेकाकू ओळीनं बसून टाळ्या वाजवतायत. "उभा राहिला, उभा राहिला." चाल अगदी निषादसाठी म्हणतात तीच.

"जाड झालायस," मी म्हणते.

"नुसता दिसतो. वजन काही उरलं नाही."

"वजन नाही, पण वस्तुमान आहे का?"

"झाली हिची शाळा सुरू. आधी शिडी बघ."

मी शिडीसाठी कपाट उघडते. कपाटात प्रयोगशाळा आहे. पांढऱ्या फरशा, मातीच्या चाळण्या, काचेची चंचुपात्रं ओळीत मांडलेली. मल्लखांब मधल्या टेबलातून वर गेलाय आणि काकाची पावलं ट्यूबलाइटच्या उजेडात चमकतायत. त्यांना एरंडेल लागलंय. खांबाला तेच चोळतात, म्हणजे अंग घासत नाही. तो वास आला आणि मला एकदम फार आनंद झाला. का, ते कळत नाही. तराजूवर कुणीतरी निषादचं दुपटं ठेवलंय आणि काटा शून्यावर आहे.

"शिडी नाही," मी सांगते.

"मग उतरव."

"मीठ-मोहरीनं?"

काका हसायला लागतो. हसता हसता मल्लखांब हलतो, आडवा होतो, लोखंडी होतो. ती त्याच्या शेवटच्या दिवसांतली भाड्याची खाट आहे, कठड्याची, आमच्या जुन्या हॉलमधली. काका अगदी वाळलेला, कठडा धरून बसलाय. "उतरव," तो मला म्हणतो, आणि आई आतून मूठ भरून येते. मीठ, मोहरी, वाळलेली मिरची. त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत ओवाळते, तोंडानं पुटपुटते, आल्यागेल्याची, घरच्यादारच्यांची.

"मला खाली जमिनीवर बसायचं होतं गं," काका आई गेल्यावर हळूच म्हणतो. "थंड फरशीवर. एवढंच."

"मग तसं सांगायचंस ना."

"सांगतच होतो. शब्द एकच, तुम्ही दुसरा ऐकलात. आणि वहिनी इतक्या मनापासून ओवाळत होत्या, की मोडवेना. तोंड कसलं पाडतेस? मला तर गंमतच वाटत होती."

पण मी तोंड पाडलेलं नाही. मी कठड्याकडे बघते आहे. कठडा, आणि तो धरलेले दोन हात.

"थांब," मी म्हणते. "एक मिनिट थांब, काका."

"मी कुठं जातोय?"

"तुला वर चढवलं कुणी?"

"मीच चढलो."

"आणि उतरवायचं कुणी?"

"कुणीतरी. नेहमी कुणीतरी असतंच."

असतंच. निषाद सोफा धरून उभा राहतो, की टाळ्या होतात आणि आई त्याला उचलते. पडेल, म्हणून. स्टुलाला धरून उभा राहतो, पराग उचलतो. दाराला धरतो, तर भोईटेकाकू चप्पल न काढता आत येऊन उचलतात. आमच्या घरात उभ्या मुलाला जमिनीपर्यंत पोचूच देत नाहीत. तो आजवर एकदाही स्वतःच्या पायांनी खाली आलेला नाही. आणि नवी शिकलेली गोष्ट शरीर झोपेतही करून बघतं. अर्धवट झोपेत तो उठतो, उभा राहतो आणि तिथेच अडकतो.

"तो जागा आहे म्हणून उभा राहत नाही," मी म्हणते, माझाच आवाज मला मोठा वाटतो. "उभा अडकलाय म्हणून जागा आहे. मी उलटं धरून बसले होते."

"कोण गं?"

"निषाद. तुझा नातू."

"कसा आहे?"

"चढणारा."

"म्हणजे आपलाच." काका पुन्हा बोंडावर आहे आणि खाली लाल माती. त्याचा चेहरा उजळलाय. "सोपं आहे मग. गजांना एरंडेल लाव. निसरडे झाले की चढणारच नाही."

"काका, तू जन्मभर एरंडेल लावलेल्या खांबावरच पोरं चढवलीस."

"हां. ते आहे." तो विचार करतो. "मग दुसरं काहीतरी काढ. आणि माझ्यावर करून बघ आधी. मला पण बसायचंय."

मी हात वर करते. मल्लखांब एवढा उंच, तरी हात पोचतो. त्याच्या गुडघ्यामागची खोलगट जागा मला सापडते, तेलकट, थंड.

"इथून वाक. हात सोडू नकोस."

"पाय लटपटतात."

"लटपटणारच. ज्या स्नायूंनी तुला उभं धरलंय, तेच तुला खाली आणणार आहेत. त्यांना काम थांबवायचं नाहीये, काम करता करता लांब व्हायचंय. उभं राहण्यापेक्षा ते अवघड आहे. म्हणून कुठलंही मूल आधी उठायला शिकतं आणि बसायला मागाहून."

"शिकवणी घेतेस का माझी?"

"हो. वाक."

तो वाकतो. एक गुडघा, मग दुसरा. मल्लखांब त्याच्याबरोबर हळूहळू आखूड होत जातो, की तो खाली येतोय, हे नक्की सांगता येत नाही. शेवटी तो धपकन मातीत बसतो, दोन्ही पाय पसरून, आणि आश्चर्यानं जमिनीकडे बघतो. तळहात मातीवर ठेवून बघतो. मग हसतो.

"थंड आहे," तो म्हणतो.

सोफ्यावरच्या टाळ्या थांबल्यात. केव्हा थांबल्या, ते कळलं नाही. काका मोठी जांभई देतो.

"वर झोप येत नव्हती का, काका?"

"उभ्यानं कुठं येते?" तो कुशीवर होतो, हात उशाला घेतो. "जा तू. तो उठलाय बघ."

कुकरची शिट्टी होते. पंखा पंखा आहे. छत आहे. निषाद कॉटमध्ये उभा आहे, गज धरून, ओठ थरथरत, रडण्याच्या अगदी काठावर. मी त्याला उचलत नाही. हात उचलायला जातात, मी ते मागे घेते. मग त्याचे गुडघे बघते. दोन्ही ताठ, कुलूप लावल्यासारखे.

मी गजांमधून हात घालून त्याच्या गुडघ्यामागे बोट टेकवते. "इथून. हात सोडू नकोस."

गुडघा वाकतो. तो लटपटतो, गजावरून मुठी घसरत खाली येतात, आणि तो धपकन गादीवर बसतो. माझ्याकडे बघतो. गादीकडे बघतो. मग खदखदून हसतो आणि पुन्हा उठतो. पुन्हा बोट टेकवते. पुन्हा धप. मी पण हसते आहे. पुढच्या वेळी माझं बोट पोचायच्या आधीच गुडघा वाकतो.

दारात आई उभी आहे, मूठ बंद.

"उठला ना? आता तरी उतरवू दे मला."

"उतरव," मी म्हणते. "पण त्याला उचलू नकोस. नुसती बघ."

निषाद उभा आहे. आईचा रिकामा हात सवयीनं पुढे येतो. "अगं, पडेल तो."

"नाही पडत."

तो डोळे चोळतो. एका हातानं गज धरून, ओठ मुडपून, फार कामात असल्यासारखा वाकतो आणि खाली बसतो. थोडा वेळ तसाच बसून राहतो. मग कलंडतो, गाल गादीला लावतो. डोळे मिटतात.

बंद मूठ आईनं कॉटवरून एकदा फिरवली, ती फिरवणारच होती. मग दाराशी गेली, कराडची पिशवी उघडली, त्यातलं दुपटं काढून त्याच्या अंगावर घातलं. पायाशी खोचताना ती थबकली, वाकली, त्याच्या गुडघ्यामागची चमकणारी जागा तिनं बोटानं पुसून नाकाशी नेली.

"भावजी गेल्यापासून घरात एरंडेल नाही," ती म्हणते. "तू कुठून आणलंस?"

मी माझं बोट बघते.