न चाखलेलं खतखतं

भिकूबाब कालवणाचा थेंब कधी पळीवरून चाखत नसत. तो डाव्या तळहातावर घ्यायचे, चाटायचे आणि मग तोंड मिटून समोरच्या माडाकडे बघत उभे राहायचे. एवढा वेळ, की पाहणाऱ्याला वाटावं, निकाल माडच देणार आहे. मग म्हणायचे, "जाय तशें जालां", म्हणजे हवं तसं झालंय. किंवा काहीच न म्हणता चिंचेच्या कोळाकडे हात न्यायचे.

मुळगावात आमची घरं शेजारी. मी शाळामास्तर, ते जहाजावरचे आचारी. वास्कोहून लोखंडाची माती वाहणाऱ्या बोटीवर चढले आणि तीसेक वर्षं उतरले नाहीत. निवृत्त होऊन आले तेव्हा मी भोळेपणाने पॅरिसचं विचारलं.

"आमची बोट माती हाडपाक वताली, मास्तर. माती आसा थंय ताजमहाल आसना."

माती आणायला जाणाऱ्या बोटीमुळे जग त्यांनी मागच्या दाराने पाहिलं होतं. हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'अनवट पर्यटन' म्हणून गुळगुळीत फोटोंसकट जे छापतात, तिथे भिकूबाब पिशवी घेऊन भाजी शोधत फिरले होते. नुआदिबू नावाचं बंदर आफ्रिकेत, वाळवंटाच्या कडेला आहे. तिथली लाल धूळ डोळ्यांत गेली तेव्हा त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. तिथल्या एका हमालाच्या बायकोने मासे घातलेला भात केला आणि तळाची करपलेली खरवड पाहुणा म्हणून यांना वाढली. नॉर्वेतल्या नार्विकला लाकडी मांडवांवर मासे महिनोन्महिने वाऱ्यावर सुकताना पाहिले. "वास आमच्या बाजारासारकोच, पूण लोक वळ मोडिनात," हा तिथल्या रांगा पाहून त्यांचा संस्कृतीबद्दलचा अभिप्राय. मिंदेलू नावाच्या, बेटावरच्या एका बंदरात मका आणि कडधान्यं रात्रभर शिजवून कशुपा करतात. तो मागायला त्यांना भाषा लागली नाही. मेज, कुलेर म्हणजे चमचा, पाव. पोर्तुगीजांनी आमच्या घरांत टाकून दिलेले हे शब्द तिथे चालले. "तीन उतरांनी पोट भरलें," म्हणायचे.

या माणसाला गावात एकच गोष्ट हवी होती. वाड्यावरच्या देवळात वर्षातून एकदा महाप्रसाद होतो, त्याचं रांधप एकदा तरी आपल्या हातून व्हावं. देवस्थान समितीने ते कधी दिलं नाही. ज्या हातांनी बोटीवर नको नको ते शिजवलं, ते हात देवाच्या भांड्याला कसे लावायचे? हे सांगणारे अध्यक्ष स्वतः कळंगुटला बार चालवत. पण तो मुद्दा सभेत कोणी काढला नाही. मीही नाही. भिकूबाब दर वर्षी विचारत, दर वर्षी मान हलवून परत येत.

मग तोंडं बांधून फिरायचं ते वर्ष आलं. त्यांना ताप आला, उतरला, आणि जाताना जीभ घेऊन गेला. वास नाही, चव नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईल. आली नाही. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण त्यानंतर रोज साडेअकराला कुंपणावरून हाक यायची. "मास्तर, हें मातशें चाखून सांगा मरे." मी चाखायचो आणि खरं ते सांगायचो. आंबट कमी. तिखट फार. ते ऐकून घेत, जणू दुसऱ्याच कोणाच्या स्वयंपाकाबद्दल चाललं आहे. तीन वर्षं मी त्यांची जीभ होतो.

गेल्या साली देवळाचा आचारी पाय मोडून पडला. महाप्रसादाला दोन दिवस राहिलेले. समिती भिकूबाबांच्या दारात आली. शुद्धाशुद्धाचा प्रश्न वाटेतच सुटला असावा.

"चव कळत नाही, हे त्यांना सांगा तरी," मी म्हटलं.

"कित्याक? देवाच्या रांदपाक कोणूच चाखना. थंय सगळे म्हजेसारके."

नैवेद्य दाखवेपर्यंत जिभेला लावायचा नाही, हा नियमच आहे.

पहाटेपासून ते मापाने रांधत होते. मी सुरण चिरायला बसलो होतो. खतखत्याच्या मोठ्या भांड्यात सगळ्या भाज्या रटरटत होत्या आणि भिकूबाबांनी मिठाची मूठ भरली, तेवढ्यात अध्यक्षांची हाक आली. मांडवात शाल, श्रीफळ आणि फोटोग्राफर तयार होते. "आपल्या गावचे जागतिक कीर्तीचे शेफ," अध्यक्ष माइकवर म्हणाले. भिकूबाबांनी मूठ परत बरणीत रिकामी केली, हात पुसले, शाल घेतली. परत आले ते थेट खोबऱ्याच्या वाटणाकडे. मी हे सगळं पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांसमोरून गेलं.

पंगत बसली. पहिल्या घासाला मला ती मूठ आठवली.

प्रसादाला नाव ठेवायचं नसतं. पानाच्या कोपऱ्यात वाढलेलं मीठ प्रत्येक जण गुपचूप खतखत्यात कालवत होता. भिकूबाब शाल कमरेला बांधून आग्रह करायला आले. त्यांनी माणसांकडे पाहिलंच नाही, पानं पाहिली. एकाही कोपऱ्यात मीठ उरलं नव्हतं.

माझ्यापाशी थांबले. "मास्तर, कशें जालां?"

"बरं झालंय."

"ही तुमची पयली फट," ते म्हणाले. तीन वर्षांतलं पहिलं खोटं. मग आत गेले, मिठाची बरणी घेऊन आले आणि पंगतीच्या टोकापासून, वाकून वाकून, एकेका पानावर मीठ वाढत गेले. दोनशे पानं. अध्यक्षांच्या पानावरही वाढलं. वर कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला हाक आली नाही. मीही कुंपणापाशी गेलो नाही. काय सांगणार होतो?

चार महिन्यांनी भिकूबाब गेले. निरोप घेऊन त्यांचा पुतण्या दारात आला तेव्हा मी जेवत होतो. 'येतो' म्हणालो आणि जेवण पुरं केलं. पानात काय होतं, ते आठवत नाही.