शिक्का यायचाय

ज्या ऑफिसात काम कमी, तिथे किस्से फार साठतात. आमच्या ऑफिसात दिवसाला एक पत्र टाइप व्हायचं, म्हणजे विचार करा!

साठच्या दशकातली गोष्ट. एमिरेट्स हे नावसुद्धा अजून पडायचं होतं. एका छोट्या बंदरावर शेखांनी नेमलेला वाली होता. वाली म्हणजे गव्हर्नर. मी रत्नागिरीचा, त्याचा टायपिस्ट. दाभोळचे दाऊद चाचा मजलिसीत, म्हणजे वालीच्या बैठकीत, कहवा करायचे आणि उस्मान गावाचा पाण्याचा पंप चालवायचा. आम्हा तिघांनाही वालीनेच ठेवलेलं. पण शेखांचा शिक्का आल्याशिवाय नोकरी पक्की नाही. तोवर खुर्चीत जो बसेल त्याने नुसतं "खलास" म्हटलं की आपण बोटीत!

मी दर आठवड्याला विचारायचो, "साहेब, शिक्का?"

"इन्शाल्ला," वाली म्हणायचा.

असे आठ महिने गेले.

*

त्यातच हर्णैला माझी मंगनी झालेली. होणाऱ्या सासऱ्यांचं पत्र आलं, "नोकरी पक्की असल्यास शिक्क्याचा कागद धाडावा. दुसरं स्थळ थांबलेलं आहे."

मी लिहिलं, "शिक्का वाटेत आहे."

उलट टपाली उत्तर, "शिक्का पोचला की मुलगी निघेल."

मुलीला मी एकदाच पाहिलं होतं, तरी त्या आठवड्यात मी वालीला शिक्का रोज विचारला.

*

मग वाली बदलला. नवा वाली आपली तीन माणसं बरोबर घेऊनच उतरला. मुंबईत खजूर विकता विकता हिंदी शिकलेला. मला समोर बसवून म्हणाला, "लिखो. पुराने वाली के आदमी, जिन पर शिक्का नहीं, तीनों खलास."

मी टाइप केलं. तिसरं नाव माझं.

त्याने कागद नीट वाचला. "एक भी गलती नहीं. शाबाश!"

आठ महिन्यांतली ती पहिली शाबासकी.

*

बोटीला बारा दिवस होते. जायचं कुठे? मजलिसीत कुणीही येऊन बसावं, अशी तिथली रीत. बसलेल्याला का आलास विचारायचं नाही, आणि ऊठ तर म्हणायचंच नाही. आम्ही तिघं जाऊन बसलो. वालीने "अहलन", म्हणजे या-बसा, म्हटलं. म्हणावंच लागलं.

नव्या माणसाचा कहवा आला. वालीने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. दाऊद चाचा उठले.

मी कुजबुजलो, "चाचा, तुम्हाला काढलंय!"

"नोकरीवरून काढलंय. चुलीवरून कुठे?"

पुरे झालं की रिकामा कप हलवून दाखवतात तिथे. वालीने तीन कप घेतले, हलवला एकदाही नाही.

*

चौथ्या दिवशी गावाचं पाणी बंद. पंप नुसता घरघरत होता आणि नवा पंपवाला त्याच्याभोवती फेऱ्या मारत होता. उस्मान बसल्या जागी म्हणाला, "वॉशर गेलाय."

वाली हळूच म्हणाला, "मेहमान, जरा देखोगे?"

*

अकराव्या दिवशी शहरातून जीप आली. शिक्का असेल म्हणून मी धावत बाहेर गेलो. जीपमधून तिसराच वाली उतरला, तोही एकटाच! दुसऱ्या वालीच्या स्वतःच्या नेमणुकीवरच शिक्का यायचा राहिला होता.

तिसऱ्याचा पहिला हुकूमही तोच. मागच्या वालीची बिनशिक्क्याची माणसं खलास. यादी वाचली गेली. आमची नावं त्यात नव्हती, आम्हाला आधीच काढलेलं. माजी वाली तरी कुठे जाणार? आमच्या शेजारी येऊन बसला.

तिसऱ्याने आमच्याकडे बोट केलं. हिंदी त्यालाही येत होतं. "और ये?"

"ये मेहमान हैं," माजी वाली म्हणाला. "इनको निकालने का पावर वाली को नहीं होता."

तिसऱ्याने रिकामा टाइपरायटर पाहिला, थंड चूल पाहिली. "यल्ला, मेहमान, काम पे!"

संध्याकाळी मी सासऱ्यांना लिहिलं, "मला काढायचा अधिकार आता खुद्द वालीलाही नाही." माजी वालीने ते माझ्याकडून वाचून घेतलं, मान डोलावली, बोटातली नाव कोरलेली अंगठी काढली आणि खाली शिक्का उमटवला.

सासऱ्यांचं उत्तर आलं, "शिक्का पोचला. मुलगी निघाली."