दादाच्या गाडीत काय बदलायचं

दादाचे पाय गेले तेव्हा तो चाळिशी ओलांडून थोडाच पुढे आला होता. पाठीच्या कण्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि कमरेखालचं सगळं तिच्यासोबत गेलं. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे भांडायला कोणी उरलं नाही. मग तो घरात भांडायला लागला.

घरात म्हणजे वहिनीशी आणि माझ्याशी. वहिनी शाळेत शिकवते. मी त्याची धाकटी बहीण, नेरूळलाच त्यांच्या मागच्या सोसायटीत एकटी राहते. माझं लग्न मोडलेलं आहे, आणि हे मला इथेच सांगावं लागतंय कारण दादाला ते कधी विसरता आलं नाही.

ऑपरेशनला वर्ष झालं आणि त्याने गाडी घेतली. सेकंडहँड, करड्या रंगाची चार दारांची सेडान, दिसायला अगदी साधी. आत टर्बो पेट्रोल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअर. गाडीचं वेड त्याला लहानपणापासून, पण इतकी वर्षं त्याने फक्त ऑफिसची बस आणि मोटरसायकल वापरली होती. आता चालवता येत नाही तेव्हा गाडी का, असं वहिनीने एकदाच विचारलं.

"तुला बसायला नाही घेतली," तो म्हणाला. वहिनी पुढे कधीच त्या गाडीत बसली नाही.

वहिनीला गाडी येत नव्हती. मला येत होती, कारण उरणच्या बाजूला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात मी काम करते आणि तिथली छोटी गाडी मी अधूनमधून चालवायचे. म्हणून दर रविवारी सकाळी मी त्याच्या बिल्डिंगखाली जायचे. तो व्हीलचेअरवरून हातांच्या जोरावर डाव्या सीटवर सरकायचा. त्याचे पाय उचलून मी आत ठेवायचे. पहिल्या दिवशी मी ते फार जपून ठेवले.

"आपट," तो म्हणाला. "त्यांना काही कळत नाही."

पाम बीच रोडला लागल्यावर त्याने मला जोरात दाबायला सांगितलं. मी दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग पाठीत कोणी लाथ घालावी तशी गाडी पुढे गेली. मी दचकून पाय काढला. त्याने डोळे मिटलेले होते. ते उघडून तो माझ्याकडे बघत राहिला.

"घाबरलीस?"

"हो."

"नवऱ्याला पण असंच सोडलंस का, मध्येच पाय काढून?"

पुढच्या सिग्नलला त्याने शांतपणे समजावलं, जणू आधीचं काही बोललाच नव्हता. धूर बाहेर जाताना एक पंखा फिरवतो, तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तो क्षण ओळखायला शिक, म्हणाला.

गाडीत काय काय बदलायचं हे ठरवायला आम्ही पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाऊ लागलो. तिथे छोट्या कारखान्यांच्या रांगेत एक वर्कशॉप होतं. शेजारी पत्रा कापायचं मशीन दिवसभर वाजायचं, आणि वारा फिरला की केमिकलचा आंबूस वास यायचा. मालक आमच्यापेक्षा लहान, शिकलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा. त्याने टॅबलेटवर एकेक वस्तू दाखवायला सुरुवात केली. मोठा टर्बो. गर्जना करणारा सायलेन्सर. पाय काढला की फुस्स असा आवाज करणारा व्हॉल्व्ह.

"हे आवाज कोणासाठी?" दादाने विचारलं.

"सर, फील येतो ना."

"मला कमरेखाली काही फील होत नाही. दुसरं दाखव."

मालक ओशाळला. दादाने त्याच्या हातातला टॅबलेट काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतःच क्रम सांगितला. आधी टायर. मग ब्रेक. मग आत जाणारी हवा थंड करायची सोय. ताकद सगळ्यात शेवटी, आणि तीसुद्धा बेताची. बाकीचं सगळं मिरवायला असतं.

गाडी हलकी करण्याचा विषय निघाला तेव्हा मालक म्हणाला की स्टेपनी काढू, मागची सीट काढू. दादा त्याच्याकडे बघत म्हणाला, "माझे पाय काढून ठेवतोस का तुझ्या रॅकवर? तेवढंच वजन वाचेल."

मालक हसला. त्याला वाटलं हसायचं आहे.

"हसलास का?"

मालकाचा चेहरा उतरला. दादाने त्याला बराच वेळ तसंच उभं ठेवलं आणि मग टायरचा ब्रँड विचारला. नंतर गाडीत तो खूश होता. अशा माणसाकडून काम चांगलं करून घेता येतं, असं म्हणाला.

टायर बदलल्यावर गाडी वळणावर रस्त्याला चिकटून जायला लागली, हे मलासुद्धा कळलं. ब्रेकच्या वेळी मात्र त्याने मला आधी धडा द्यायचं ठरवलं. उलव्याच्या पुढे एका मोकळ्या सर्व्हिस रोडवर तो मला पुन्हा पुन्हा गाडी पळवून जोरात ब्रेक मारायला लावत होता. हळूहळू पेडल मऊ पडत गेलं. जळका वास आला. शेवटच्या वेळी मी पूर्ण दाबलं तरी गाडी हवी तिथे थांबली नाही, समोर उभ्या असलेल्या ट्रेलरच्या मागे जेमतेम थांबली. माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

"आता कळलं?" तो म्हणाला. "थांबायचं असतं आणि थांबता येत नाही, म्हणजे काय ते."

मी रडत होते. त्याने समोरच्या खणातून रुमाल काढून मला दिला आणि म्हणाला, "काच पूस आतून. श्वासाने धुकं धरलंय."

ब्रेकचे पॅड बदलले, ऑइल बदललं. मग हवेचा नंबर आला. दुपारच्या उन्हात पहिल्यांदा दाबलं की गाडी छान पळायची, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की मंदावायची. दादा मोबाइलवर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान बघत बसायचा. आपल्याकडची हवा मुळात गरम, टर्बोने दाबली की ती आणखी तापते, आणि तापली की इंजिन स्वतःला जपायला जोर कमी करतं. म्हणून ती हवा थंड करणारी जाळी, इंटरकूलर, मोठी बसवली. गाडीच्या पुढच्या बंपरच्या आत ती झाकली गेली. बाहेरून कोणाला काही दिसलं नाही, आणि दादाला तेच हवं होतं.

त्या महिन्यांत मला गाडी आवडायला लागली होती. हे मी कोणाला बोलले नाही. शनिवारी ऑफिसात बसल्या बसल्या मला रविवारचा रस्ता आठवायचा, उरणकडे जाणारा, आणि पुढे मोरा बंदराच्या धक्क्यापर्यंत. तिथे आम्ही थांबायचो. लाँच सुटताना बघायचो. तो खिडकी खाली करून खाऱ्या वाऱ्यात बसायचा आणि मी बाहेर चहा प्यायचे. एकदा परतताना मी दाबलं आणि आपोआप म्हणाले, "आज हवा तापलीय."

त्याने मोबाइल बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं की आता तो एक बरा शब्द बोलेल.

"कुत्रंसुद्धा रोज नेलं की रस्ता ओळखतं," तो म्हणाला.

एकदा वहिनीने मासळी आणायला सांगितली होती. परतताना मी दिवाळे गावच्या कोळीवाड्यात थांबले. "ताजी हाय गो, आताच उतरवली," असं म्हणत कोळणीने पापलेटं बर्फात घालून थर्माकोलच्या खोक्यात दिली. मी खोकं डिकीत व्हीलचेअरच्या शेजारी ठेवलं. बिल्डिंगखाली आल्यावर वहिनी खोकं घ्यायला खाली आली, तेव्हा दादाने वॉचमनला हाक मारली.

"हे कचऱ्यात टाक."

"अहो, ताजी आहे," वहिनी म्हणाली.

"हिच्या हातचं खायला मी पाय होते तेव्हा पण घाबरायचो," तो वहिनीकडे बोट दाखवत वॉचमनला म्हणाला. "तेव्हा निदान उठून जाता यायचं."

वॉचमन खोकं हातात धरून उभा राहिला. वहिनीनेच मान हलवून त्याला जायला सांगितलं. मग तिने खुर्ची उघडली, ब्रेक लावला आणि नवरा नीट सरकून बसेपर्यंत ती धरून ठेवली.

शेवटी इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलायची होती. त्यासाठी आम्ही पुन्हा पावण्याला गेलो. तो आणि मालक लॅपटॉपवर बोलत असताना मला एक गोष्ट आठवली. आमच्या यार्डात एक कस्टम एजंट येतो, त्याचे पाय पोलिओने गेलेले. तो हाताने गाडी चालवतो. स्टिअरिंगच्या खाली एक दांडा असतो. दाबला की ब्रेक, ओढला की वेग. मी त्याला विचारूनही घेतलं होतं. ऑटोमॅटिक गाडीला ते बसतं, आरटीओत नोंदही होते. हे मी दादाला मालकासमोर सांगितलं. ती माझी चूक असेल, पण मला वाटलं तो खूश होईल.

त्याने लॅपटॉप बंद केला. वर्कशॉपमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतपत आवाज चढवला.

"ही माझी बहीण. हिला वाटतं मी दांडा धरून गाडी चालवावी. लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात बसवून झालं, आता अपंगांची गाडी. का माहितीये? रविवारी हिला दुसरं काम निघालं असेल. घरी कोणी वाट बघत नाही, तरी निघालं असेल."

पत्र्याचं मशीनही तेवढ्यात थांबलं होतं. काम करणारी माणसं माझ्याकडे न बघता हात पुसत राहिली. मी बाहेर जाऊन रस्त्यावर उभी राहिले. सेटिंग झाल्यावर त्याने हॉर्न वाजवून मला आत बोलावलं, आणि आम्ही टेस्ट घ्यायला गेलो. गाडी आता इतकी नितळ आणि जोरात पळत होती की मी राग धरून ठेवूच शकले नाही. मी चांगली चालवली. मला ते माहीत होतं, आणि त्यालाही.

पावसाळ्यात त्याने मला तीन-चार रविवार बोलावलं नाही. तब्येत बरी नाही, म्हणाला. मग एका शनिवारी फोन आला, वर्कशॉपला ये. मला वाटलं गाडी आणायची आहे. मी रिक्षाने गेले.

तो आधीच तिथे होता, उजव्या सीटवर. स्टिअरिंगखाली चकचकीत दांडा बसवलेला होता. मालकाने मला हळूच सांगितलं की दादा महिनाभर टॅक्सीने येऊन सराव करत होते, आवारातच. एवढं खूश मी दादाला ऑपरेशननंतर कधी पाहिलं नव्हतं. मला खरंच आनंद झाला. मी दरवाजा उघडायला डाव्या बाजूला गेले.

डाव्या सीटवर घडी केलेली व्हीलचेअर होती. तिला सीट बेल्ट लावलेला होता.

"डिकीत ठेवते," मी म्हणाले.

"आणि उतरल्यावर काढणार कोण? तू रोज येणार?"

"आज तर आहे ना मी. नाहीतर मी मागे बसते."

"मागची सीट काढली," तो म्हणाला. खरंच काढली होती. "वजन कमी झालं. सगळ्यात कामाचा बदल हा. आता कोणाला सोबत घ्यावं लागत नाही."

"मग मला बोलावलंस कशाला?"

"बघायला. तू चालवायचीस तेव्हा गाडीला किती त्रास व्हायचा, ते आता कळेल तुला."

त्याने दांडा ओढला. गाडी गेटातून बाहेर गेली, वळली, आणि तो क्षण त्याने बरोबर साधला. टर्बोचा जोर लागल्याचा आवाज मला शेजारच्या कारखान्याच्या भिंतीआडून आला. फार सुंदर चालवत होता. मी तिथे उभी होते आणि मालक मला पाणी हवं का विचारत होता.

मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही सुटलात, ताई." तिला बरं वाटलं होतं, माझ्यासाठी. मी तिला सांगू शकले नाही की मला दादाची आठवण येत नव्हती, स्टिअरिंगची येत होती. शनिवारी संध्याकाळी मला आता काहीतरी हरवल्यासारखं व्हायचं, आणि ते सांगण्यासारखं माणूस माझ्याकडे नव्हतं.

आता तो रोज सकाळी एकटा निघतो. मला दोनदा दिसला. एकदा सिग्नलला माझी रिक्षा अगदी त्याच्या बाजूला होती. मी हात केला. त्याने समोर बघितलं, हिरवा झाला, तो गेला.

प्रजासत्ताक दिनाला त्याच्या सोसायटीने त्याचा सत्कार केला. झेंडावंदन झाल्यावर सेक्रेटरी जिद्द या विषयावर बरंच बोलले. शाल झाली, नारळ झाला. दादाला माइक दिला. त्याने वर्कशॉपच्या मालकाचे आभार मानले. डॉक्टरांचे मानले. टायर, ब्रेक आणि इंटरकूलर यांवर तो इतकं गमतीदार बोलला की लोक पोट धरून हसले. सुरुवातीला गाडी चालवायला कोणी चांगलं मिळालं नाही, असंही म्हणाला, आणि त्यावरही लोक हसले. वहिनी पुढच्या रांगेत होती, मी तिच्या मागे. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. बायका वहिनीला म्हणत होत्या, तुमची साथ आहे म्हणून.

कार्यक्रम संपल्यावर तो खुर्चीची चाकं फिरवत गाडीकडे निघाला. मी वाटेत उभी होते. त्याने शाल आणि नारळ माझ्या हातात दिले.

"वर नेऊन दे," तो म्हणाला. "मी जाऊन येतो."