मागील वर्षाचा रकाना

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका सरकारी कचेरीत, अंदाजपत्रक शाखेत कारकून होते. जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी खात्यांचे आकडे आमच्याच शाखेतून जायचे. शाखेची रीत अशी, की नव्या वर्षाचा आकडा डोक्यातून काढायचा नाही. 'मागील वर्षाचा खर्च' या रकान्यात जे असेल त्यावर दहा टक्के चढवायचे आणि खाली सही ठोकायची. या रीतीनं काहीही जिवंत राहायचं. इंग्रज साहेबाचा घोडा कधीच मेला होता, पण त्याचा चारा दरसाल वाढतच होता. माझ्या अंदाजानं तो घोडा एव्हाना हत्तीएवढा झाला असावा.

बायकांसाठी संडास मात्र नव्हता. मागच्या वर्षी नव्हता, म्हणून यंदाही नाही. शून्यावर दहा टक्के चढवून काय येणार, कपाळ?

दीडशे पुरुषांत आम्ही दोघीच बायका, मी आणि टंकलेखिका. मे महिन्यात नागपूरचे कावळे उडता उडता भाजून पडायचे, आणि आम्ही दिवसभर घोटभर पाण्यावर काढायचो. अगदीच असह्य झालं की मी धरमपेठेतलं घर गाठायची. चौकातला शिपाई माझी सायकल दिसली, की आगीच्या बंबाला द्यावी तशी वाट मोकळी करून द्यायचा.

अशातच टंकलेखिकेला दिवस गेले. पाचवा महिना. डॉक्टरीणबाईंनी दम भरला होता, पाणी भरपूर प्या आणि लघवी अजिबात तुंबवू नका. तिच्या वस्तीतून नोकरीला लागलेली ती पहिलीच मुलगी. रुजू झाली त्या दिवशी अख्खी गल्ली तिला फाटकापर्यंत पोचवायला आली होती. मी म्हणते तीनशे माणसं होती, ती म्हणते बारा.

एक दिवस ती हळूच म्हणाली, "ताई, राजीनामा टाइप केला. जरा तपासून देता?"

"किती प्रती काढल्यास?"

"तीन."

नोकरी सोडतानासुद्धा शिस्त! मी तिन्ही प्रती माझ्या खणात कोंबल्या आणि तडक बायकांच्या संडासाची मागणी घेऊन अधीक्षकांपुढे उभी राहिले.

"बाई, मागील खर्च किती?" साहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

"काहीच नाही, साहेब."

"मग वाढवू कशावर? नवीन बाब म्हणून प्रस्ताव वर पाठवावा लागेल. दोन वर्षं धरा."

"बाळ दोन वर्षं थांबायचं नाही, साहेब."

"त्याला माझा इलाज नाही." माणूस वाईट नव्हता. तीन लेकींचा बाप होता. पण रकाना म्हटलं की गाय व्हायचा.

मी बाहेर आले तर म्हातारे चपराशी मामा स्टुलावर बसलेले. "काहून तोंड पाडून राहिल्या, बाई?"

मी सगळं सांगितलं. मामांनी तंबाखू मळली. "एवढंच? कचेरीच्या मांगं त्या घोड्याचा तबेला हाये ना. मोरी हाये, नळ हाये. साहेबाच्या खिडकीच्या वाळ्याच्या जुन्या ताट्या तिथंच सडून राहिल्या. आडोसा मी बांधून देतो. गवंड्याले फक्त एक दिवसाची मजुरी लागते."

ती मजुरी कुठून आणायची? पण महिना होता मार्च. मार्चअखेर न खर्चलेली रक्कम परत जाते, आणि रक्कम परत जाण्याची आमच्या साहेबांना घरात वाघ शिरल्यासारखी भीती. किरकोळ खर्चात थोडी शिल्लक होती. मी कागद पुढे केला. त्यावर ढळढळीत लिहिलं होतं, 'महिला प्रसाधनगृह, तात्पुरते'. साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि सही केली.

तीन दिवसांत तबेला तयार! वाळ्यावर पाणी शिंपडलं की असा गारवा सुटायचा, की साहेबांच्या खोलीपेक्षा आमचा संडास थंड. पुरुष मंडळी मत्सरानं खोकू लागली. टंकलेखिकेनं आठव्या महिन्यापर्यंत काम केलं, मग रजेवर गेली आणि मुलगी झाल्यावर पुन्हा मशीनवर येऊन बसली.

तोवर नवं अंदाजपत्रक करायची वेळ आली होती. रकान्यात आता आकडा होता. साहेबांनी स्वतःच्या हातानं दहा टक्के चढवले. वरून विचारणा आली, दरसाल तात्पुरते कशाला, एकदाच पक्के का नाही? पक्कं झालं. दारावर पाटीसुद्धा लागली.

त्यानंतरच्या वर्षी साहेबांनी आम्हा दोघींना टाइपरायटरसकट आत बोलावलं, दार लोटलं आणि चोरीचा माल विचारावा तसं विचारलं, "बाई, त्या रकान्यात अजून काय काय नाही?"

काय काय नाही! मी बोटांवर मोजत सुरू झाले. दवाखान्यात बाळंतिणींच्या सोबतिणींना टेकायला बाक नाही, परगावच्या नोकरदार मुलींना वसतिगृह नाही. माझी हाताची बोटं संपली, मग साहेबांची वापरली. टंकलेखिका कोरा कागद चढवून कधीची खाडखाड टाइप करत होती.

"अगं, सगळ्यात वर पाळणाघर घाल," मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. "ते कधीच घातलं, ताई. तुम्ही पुढचं सांगा."