उलटी वाक्यं

वय चोवीस, पण अख्खं वसतिगृह तिला मावशी म्हणायचं. कुणाचं जमलेलं मोडलं, कुणाच्या प्रयोगाचा बोजवारा उडाला, की पावलं तिच्या खोलीकडे वळायची. ती समोरच्याचं रडणं संपेपर्यंत गप्प बसायची आणि मग विचारायची, "बरं, यातलं तुझ्या हातात काय आहे?" निम्म्या मुली तेवढ्यानेच शांत व्हायच्या. उरलेल्या निम्म्या तिची बिस्किटं संपवून शांत व्हायच्या.

तिच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषयही तिला शोभणारा: पदव्युत्तर विद्यार्थ्यांवरचा ताण. ज्यांना आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना नीट कळतात, त्यांना अडचणी सोडवणं सोपं जातं का, त्यांचा ताण कमी असतो का? तिने प्रश्नावल्या वाटल्या, गुण मोजले, आणि निकाल आला भलताच. ज्यांना भावना जास्त कळतात, तेच जास्त ताणात! तिच्या मार्गदर्शक मॅडम हरखून गेल्या. विभागात ज्याला त्याला त्यांनी ते सांगितलं, बाहेरचे परीक्षक बोलावले आणि मावशीचं सादरीकरण ठरवलं.

त्या दिवशी सकाळी ती आरशासमोर बोलायचा सराव करत होती. खोलीतली मैत्रीण रसायनशास्त्राची. केस विंचरता विंचरता ऐकत होती.

"काय गं, 'मला शांत झोप लागते' यावर 'नेहमी' म्हटलं तर ताणाचे पाच गुण? शांत झोपणाऱ्याला कसला आलाय ताण?"

मावशी हसली. मग तिचं हसू जागीच विरलं.

प्रश्नावलीत काही वाक्यं मुद्दाम उलटी घालतात, न वाचता खुणा करत सुटणारे सापडावेत म्हणून. गुण मोजताना ती सुलटी करून घ्यायची: पाचाचा एक, एकाचे पाच. मानसशास्त्राच्या पोरांना हे पहिल्याच वर्षी घोकवलेलं असतं. आणि मावशी नेमकं तेच विसरली होती. तिने घाईघाईने लॅपटॉप उघडून गुण सुलटे केले. तो गाजलेला निकाल साफ नाहीसा झाला. भावना कळोत न कळोत, ताण सगळ्यांना सारखाच निघाला.

प्रबंध परत गेला तर वर्ष गेलं. घराजवळच्या कॉलेजातली ठरल्यासारखी नोकरीही गेली. आईने तर तिच्यासाठी खोली रंगवून घेतली होती. विभागाकडे जाताना तिने स्वतःला आपला तो प्रसिद्ध प्रश्न विचारून पाहिला. काडीचा उपयोग झाला नाही.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग आज आहे तसंच बोल. मागाहून गुपचूप दुरुस्त करू."

"पण मॅडम, ते खोटं आहे."

"अगं, परीक्षक येऊन बसलेत! माझी काय शोभा होईल, कळतंय का तुला?"

मॅडमचा आवाज चिरकला. मावशीला खरं तर राग यायला हवा होता, पण आला तो कळवळा. बाई घाबरल्या होत्या, आणि समोरचं माणूस घाबरलं की तिला नाही म्हणता येत नसे. ही तिची जुनी खोड. ती मुकाट्याने सभागृहात गेली.

ती मंचावर उभी राहिली. पडद्यावर तो सुंदर, खोटा आलेख लागला. पहिल्या रांगेतून मॅडम एकटक पाहत होत्या.

"हा आलेख चुकीचा आहे," ती म्हणाली. "उलटी वाक्यं मी सुलटी केली नाहीत. चूक माझी आहे."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. परीक्षकांनी चष्मा काढला.

"मग निष्कर्ष काय?"

"सध्या काहीच नाही, सर. सगळं पुन्हा मोजावं लागेल."

एवढं बोलली आणि तिला रडू कोसळलं. हुंदक्यावर हुंदके, आवरेचनात. समोर भावनांचा अभ्यास करणारा अख्खा विभाग बसलेला. कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं, कुणी छताकडे पाहू लागलं, मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. उठून पुढे यायचं एकालाही सुचलं नाही.

शेवटी तिनेच बाहीने डोळे पुसले, माइक सरळ केला आणि विचारलं, "आणखी कुणाला काही विचारायचंय?"