अकरावी गाडी

गॅरेजवाल्या तात्याला सगळे कानोसा म्हणत. बाकीचे मिस्त्री चाक खोलून ब्रेक बघत, हा गाडीवाल्याच्या शेजारी बसून गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारायचा आणि उतरता उतरता सांगायचा, "डावं पॅड गेलंय. उजवं अजून दोन महिने ओढेल." खोलून बघितलं की तसंच निघायचं. पस्तीस वर्षं त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पॅडला एक लोखंडी पत्ती असते. पॅड झिजलं की ती डिस्कला घासते आणि बारीक किंचाळते. तात्याची सगळी विद्या त्या किंचाळण्यात होती.

एका सकाळी दुधाची गाडी फिरवून आणली. "ठणठणीत," तात्या म्हणाला.

मागं त्याची लेक बसली होती. गॅरेज दोघं मिळून चालवत. ती म्हणाली, "तात्या, चेष्टा करताय?"

"कसली?"

"अहो, एवढी ओरडतेय. कोपऱ्यावरची कुत्री उठून पळाली!"

तात्या हसला. तिचं तोंड बघून थांबला.

म्हातारपण आधी बारीक आवाज खातं. हातोडी, हॉर्न, बायकोची बोलणी, सगळं त्याला ऐकू यायचं. मग शंका यावी कशाची?

गेल्या महिन्यात न खोलता पास केलेल्या गाड्या त्यानं आठवून आठवून सांगितल्या. अकरा भरल्या. लेकीनं फोन लावले. दहा आल्या, त्यातल्या चारांची पॅडं पार पत्र्यावर आलेली. तात्या एकेक पॅड हातात घेई, अंगठ्याचं नख लावून बघे आणि खाली ठेवी.

अकरावी गाडी म्हणजे शाळेच्या पोरांची व्हॅन. व्हॅनवाला फोनवर म्हणाला, "कानोसानं पास केलीय, आता कशाला उगाच?" आणि ठेवून दिला.

तात्यानं जॅक, पाना, नवी पॅडं पिशवीत घातली. लेक मागोमाग निघाली. शाळेच्या फाटकाशी, सुटायला तासभर असताना, त्यानं गुडघे टेकून चाक काढलं. डिस्कवर नांगरटीसारखे चर पडले होते. पुढं रोजच्या वाटेवर उतार होता.

व्हॅनवाला ओशाळला. "आवाज तुम्ही ऐकलीत तेव्हापासून येतोय, तात्या. पोरं कानात बोटं घालतात. बायको म्हणाली, दाखवून या. मी म्हटलं, कानोसानं ऐकलीय, त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं का?"

तात्यानं मान वर केली नाही. पॅडं बसवली, बोल्ट आवळले.

शाळा सुटली. पोरं चढली. वळणावर व्हॅननं ब्रेक मारला. तात्या मान वाकडी करून, सवयीनं कान देऊन उभा राहिला.

"ओरडली का गं?"

"नाही, तात्या."

"नीट ऐकलंस ना?"

"ऐकलं."

त्यानं पान्याची पिशवी तिच्या हातात दिली आणि रिकाम्या हातानं पुढं चालू लागला.