वहिनीच्या हातची माती

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धारूरच्या बाजारात भाजी निवडत होते. झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं... सुनंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आठवड्याआधीच वडवणीजवळच्या त्यांच्या घरी जाऊन आले होते. तेव्हा ती गुलाबांना पाणी घालत होती आणि मला, माहेरवाशिणीला, अंगण झाडायला लावलं होतं.

गुलाबांचं वेड तिला कुठून लागलं कुणास ठाऊक. थंडीत पुण्याकडच्या रोपवाटिकेतून एसटीनं तिचं पार्सल यायचं. आत ना माती, ना पान. नुसत्या काटेरी काड्या आणि खाली उघडी मुळं. पहिल्या वर्षी आमच्या आईनं त्या जळण समजून चुलीत घातल्या. वहिनी दिवसभर कुणाशी बोलली नाही, संध्याकाळी मात्र स्वतःच हसत सुटली. तेवढ्यातून वाचलेल्या दोन तिनं जगवल्याच.

काड्या रात्रभर बादलीत भिजवून ती तेलाच्या डब्यांत लावायची. खाली खिळ्यानं पाडलेली भोकं, आत गाळाची माती आणि शेणखत. आमची जमीन मुरमाड, नवं रोप तिथं तग धरत नाही. डबा निदान सावलीला ओढता येतो; मुळं धरली की मग जमिनीत. पहिली कळी ती खुडून टाकायची. मला फार वाईट वाटायचं.

"ताई, आधी मूळ तर धरू द्या," ती म्हणायची. "फुलाची लई घाई हाय का तुमाला?"

यंदाचे चार डबे तसेच राहिले. दिवसकार्य झाल्यावरही दादा त्यांना हात लावू देईना. तिनं ठिवलं तिथंच ऱ्हाऊ दे, एवढंच म्हणायचा. महिन्यानं गेले तर भोकांतून मुळं बाहेर आलेली. ऊन तापायच्या आत जमिनीत गेली नाहीत तर चारही झाडं कोंडून मरणार, हे दिसत होतं. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

"दादा, वहिनीनं ही डब्यात ठेवण्यासाठी लावली नव्हती," मी म्हटलं.

तो उठला. खड्डे त्यानंच खणले. डबा पत्र्याच्या कात्रीनं उभा चिरला, तरी माती सुटली नाही. मुळांनी घट्ट धरलेला चौकोनी गोळाच निघाला. मी कडेची माती मोकळी करायला गेले, तर त्यानं माझा हात धरला.

"फोडू नको. ही माती तिनं कालवलीय."

दोन्ही हातांनी उचलून त्यानं तो गोळा तसाच खड्ड्यात ठेवला... आता चारही झाडांना तांबूस पालवी फुटली आहे. दादा रोज सकाळी पाणी घालतो. खाली मुळं तिच्या मातीतून आमच्या मुरमात शिरली असतील.